गाब्रिएलच्या अंगणातला कोयता

जुना कोयता आहे मी, मित्रांनो. संत गाब्रिएलच्या चर्चच्या फाटकाशी दगडी ओसरी आहे, तिथल्या खुंटीवर मी लटकतो. नुसता लटकत नाही, वळवळतो. जरा वारा सुटला की भिंतीवर टकटक करत बसतो. कुठे ओलं गवत वाढल्याचा वास आला की माझं पातं शिवशिवतं. म्हातारपणी माणसं शांत होतात म्हणे. मला काही ते जमलेलं नाही. माझी हकिकत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि सांगून झाल्यावर तरी पडेल की नाही, देव जाणे.

माझा जन्म मुलात लोहाराच्या भट्टीतला. त्याआधी मी एका ट्रकच्या कमानीतला पाटा होतो. तो ट्रक घाटात मोडून पडला आणि लोकांनी त्याचं हाडन् हाड वाटून घेतलं. त्यातला मी मुलातच्या वाट्याला आलो. मुलातची झोपडी गावाच्या खाली, ओढ्यापलीकडे होती. आमच्या मुलखात लोहार सगळ्यांना लागतो आणि कुणालाच नको असतो. नांगराचा फाळ त्याच्याकडून घ्यायचा, पण त्याच्या घरचा घास घ्यायचा नाही. तो रस्त्याने निघाला की आया पोरांच्या तोंडावर पदर ओढत. लोहाराची नजर लागते, असं सगळं गाव मानत असे.

त्या मुलातच्या दारात एका सकाळी झिनाश येऊन उभी राहिली. झिनाश विधवा होती, तिशीही उलटली नव्हती. तिची एकुलती एक मुलगी आल्गने सहा वर्षांची. अकरा दिवस ती पोर तापाने फणफणत होती. अकराव्या दिवशी झिनाशने चर्चच्या उंबऱ्यावर डोकं टेकून नवस केला होता. "गाब्रिएल, माझी पोर मला परत दे. ती जिवंत आहे तोवर दर वर्षी तुझ्या सणाआधी तुझं सगळं रान मी या हातांनी साफ करीन. एक काडी राहू देणार नाही." बाराव्या दिवशी ताप उतरला.

"कोयता करून दे मुलात," ती म्हणाली. "नवसाचा आहे. चांगला कर."

मुलात भात्यावरून उठलासुद्धा नाही. "नवसाचा कोयता माझ्या हातचा चालेल का बाई? उद्या काही झालं तर म्हणाल, लोहाराची नजर लागली."

"पोर मरणाच्या दारातून आलीय माझी. आता मला कुणाची नजर लागत नाही. तू लोखंड तापव. आणि बायकोला म्हणावं, कॉफी ठेव. तोवर मी बसते."

मुलातच्या बायकोने कॉफीचे दाणे भाजले, कुटले आणि पेला भरला. झिनाशने एक नाही, तीन पेले घेतले. त्या घरात बाहेरच्या माणसाने पाणी पिण्याचीही ती पहिलीच वेळ होती.

मूठ मात्र तिने स्वतः आणली होती. चर्चच्या रानात वायराची जुनी झाडं आहेत. वायरा म्हणजे आमच्याकडचं रानटी ऑलिव्ह, लाकूड दगडासारखं. वादळात मोडून पडलेली त्याची एक फांदी तिने आबांना विचारून घेतली होती. म्हणजे माझं पातं मोडक्या ट्रकचं आणि मूठ त्याच रानाची. हे ध्यानात ठेवा मित्रांनो, पुढे लागेल.

आबा म्हणजे आबा गाशाव, चर्चचे पुरोहित. त्यांचा आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा. आमच्या डोंगरावर उभं राहून पाहिलं तर चहूकडे उघडी शेतं, उघडे उतार, आणि मधोमध गाब्रिएलच्या रानाचं एवढंसं हिरवं ठिगळ. त्या ठिगळाच्या पोटात गोल चर्च. आबा दर रविवारी बजावत, "झाडं म्हणजे चर्चचं वस्त्र. ज्या चर्चभोवती झाडं नाहीत ते उघडं पडलेलं चर्च. आपल्या आज्यांनी हे वस्त्र फाटू दिलं नाही, आपणही फाटू द्यायचं नाही." रानात शिरताना सगळे पायातलं फाटकाबाहेर काढत. आणि कुऱ्हाडीला तर आत यायला बंदी. एकदा एका शेतकऱ्याने घराच्या खांबासाठी एक जिवंत झाड तोडलं. आबांनी त्याला पाठीवर दगड घेऊन सात रविवार चर्चच्या दारात उभं केलं. त्याची कुऱ्हाड या ओसरीत माझ्या शेजारी येऊन पडली, आणि मी तिला मनसोक्त हसलो. बदनाम कुठली! मी ताठ मानेने आत जातो, म्हटलं. तू बस इथेच.

काय दिवस होते ते! त्याच वर्षी झिनाशने डोक्यावर जोगिणीची पांढरी टोपी घातली आणि सारं गाव तिला एमाहोय म्हणू लागलं. गाब्रिएलचा सण ताहसास महिन्यात येतो, पाऊस संपून गवत पिवळं पडलेलं असतं तेव्हा. सणाच्या तीन आठवडे आधी ती मला खुंटीवरून काढायची. सपासप मी झाडांखालून फिरायचो. गवत, झुडपं, काटेरी वेली, जे काही कमरेच्या खाली असेल ते माझं. मागून तिचा खराटा. सणाच्या दिवशी पुरोहित डोक्यावर ताबोत, म्हणजे चर्चची पवित्र पाटी, घेऊन, रेशमी छत्र्यांखालून, ढोलांच्या तालावर बाहेर पडत तेव्हा रान आरशासारखं लखलखीत असे. दूरदूरच्या गावांची माणसं म्हणत, "काय अंगण ठेवलंय एमाहोयनं! या टोकाला मेणबत्ती लावली तर त्या टोकाला दिसेल." आबा भर प्रार्थनेत तिचं नाव घेत. आणि सण झाला की ती मला कारळ्याचं तेल चोळून, फडक्यात गुंडाळून ठेवत असे. तीस वर्षांत माझ्यावर गंजाचा ठिपका पडला नाही.

पण खोटं कशाला बोलू? मला मधूनमधून काहीतरी खटकायचं. गवत कापताना हाताला काही लागत नाही. पण काही रोपं टणक असत. त्यांच्यावर पातं पडलं की माझ्या मुठीतून एक कळ निघे. ती मूठ वायराची होती, मित्रांनो. तिला कळत असणार. मी मात्र तिला दटावायचो, गप बस, देवाचं काम चाललंय. पुढे पुढे काळ्या-पांढऱ्या झुपकेदार शेपटांची माकडं दिसेनाशी झाली. तेही मी मनावर घेतलं नाही. ज्याचं कौतुक होतं, त्याला शंका कशी सुचणार?

मग तो बुधवार आला. पानही हलत नव्हतं. प्रार्थना संपून माणसं बाहेर पडत होती आणि रानातलं सगळ्यांत जुनं झाड, चार माणसांच्या कवेत न मावणारं, कडाडत आडवं झालं. बायकांनी माणूस गेल्यासारखी छाती बडवली. आबांनी पडलेल्या खोडावर हात ठेवून प्रार्थना म्हटली. पडलेलं लाकूड चर्चच्या कामाला घ्यायची मुभा होती, म्हणून गावातल्या कुऱ्हाडी गोळा झाल्या आणि त्यांना धार लावायला मुलातला बोलावणं गेलं.

मुलात आता म्हातारा झाला होता. सवयीप्रमाणे तो फाटकाच्या बाहेर बसला आणि कुऱ्हाडी घासू लागला. आबा त्याच्याजवळ आले तेव्हा तो कुऱ्हाड सोडून फाटकातून आतच बघत बसला होता.

"काय रे, हात का थांबला?"

"आबा, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार."

"एवढं मोठं झाड गेलं. ह्याच्या जागी आता कोण उभं राहणार?"

"देव दुसरं उभं करील."

"करील की. पण कशातनं? मी इथं बसलोय नि मला रानापलीकडची मेंढरं दिसतायत. मधे सगळे म्हातारे उभे आहेत, पोर एक नाही. आमच्या आळीत असं झालं असतं तर आम्ही म्हटलं असतं, आळी बुडाली."

आबांचा चेहरा लाल झाला. "जीभ सांभाळ मुलात! तीस वर्षांत या रानातलं एकावाचून दुसरं जिवंत झाड तुटलेलं नाही. आणि ज्यानं ते तोडलं त्याच्या पाठीवर मी दगड दिलाय."

"झाड नाही तुटलं, खरंय," मुलात हळूच म्हणाला. "झाड व्हायलाच दिलं नाही कुणाला."

आबा ताडताड आत गेले. एमाहोय झिनाश मला हातात घेऊन कामाला लागणारच होती. सण अठरा दिवसांवर आला होता.

"एमाहोय, मला या रानात गुडघ्याएवढं एक झाड दाखवा. एकच. त्या लोहाराचं तोंड बंद करायचंय मला."

"त्यात काय अवघड? चला."

दोघं अनवाणी निघाले. पूर्वेकडून सुरुवात केली, दुपारपर्यंत पश्चिमेला पोचले. गुडघ्याएवढं नाही, घोट्याएवढंही नाही. मी एमाहोयच्या हातात होतो आणि मला उगाच घाम फुटल्यासारखं वाटत होतं. शेवटी आबांच्या पायात काहीतरी रुतलं. ते 'आई गं' करून खाली बसले. जमिनीसरशी एक खुंट होता, बोटाएवढा, म्हाताऱ्याच्या हाताच्या सांध्यासारखा गाठीगाठींचा.

"हे काय आहे?"

"हा होय? हा मेला भारी हट्टी आहे," एमाहोय म्हणाली. "दर वर्षी कापते, दर वर्षी येतो."

"किती वर्षं?"

"मोजलंय कुणी? पहिल्यापासूनच असेल."

खुंटाच्या कडेला, गुरांनी खुडून पुन्हा फुटलेला, करंगळीएवढा ताजा कोंब होता. आबांनी त्याचं पान तोडून चुरगळलं, हुंगलं आणि तिच्या नाकाशी धरलं. एमाहोयने डोळे मिटले. तो वायराचा वास होता. माझ्या मुठीचा वास. मग तिने आजूबाजूला हात फिरवला तर पानापाचोळ्याखाली असे खुंट जिकडेतिकडे होते. ती आपल्या हातांकडे पाहत तिथेच बसून राहिली.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं तुम्ही म्हणता ना मित्रांनो? कुऱ्हाड बिचारी तीस वर्षं खुंटीला टांगलेली होती. गोतास काळ झालो तो मी.

यापुढे सोपं होतं, असं तुम्हाला वाटेल. कापणं थांबवायचं, झालं. पण नवस होता ना! आणि त्याच वर्षी आल्गने, ती नवसाची पोर, पलीकडच्या खोऱ्यात नवऱ्याच्या घरी सात महिन्यांची गरोदर होती. याआधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलेलं. वय छत्तीस. ही शेवटचीच आशा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी तुम्हाला नवसातून मोकळं करतो," आबा म्हणाले. "मला तो अधिकार आहे."

"तुम्ही मोकळं कराल, आबा. पण पोर तुमच्याकडे नव्हती मागितली मी. गाब्रिएलकडे मागितली होती. 'ती जिवंत आहे तोवर' असं म्हटलं होतं. मी थांबले आणि त्यानं हिशेब पुरा केला तर?"

आबा वळून चर्चमध्ये गेले.

ते दोन आठवडे मी विसरणार नाही. एमाहोय पहाटे यायची, मला काढायची, दगडावर घासायची, फाटकापर्यंत न्यायची आणि पुन्हा खुंटीवर टांगून जायची. उपासाचे दिवस होते, पण ती उपास सुटल्यावरही जेवत नव्हती. आणि माझं काय चाललं होतं? खरं सांगतो, मला कापायचं होतं. सगळं कळूनही माझं पातं शिवशिवत होतं. सवय वाईट असते.

सण चार दिवसांवर आला तेव्हा ती एकदाची मला घेऊन आत शिरली. त्या हट्टी कोंबासमोर गुडघ्यावर बसली. हात वर गेला. तेवढ्यात मागून कुणीतरी धापा टाकत हाक मारली.

"आई!"

आल्गने होती. खोरं चढून आली होती, पोटावर हात धरून.

"अगं बाई, या दिवसांत एवढं चालायचं असतं का? गाढव नाही मिळालं?"

"गाढवाचं राहू दे. आबांनी निरोप धाडला होता. माझ्या जिवावरून इथं एवढं चाललंय आणि मला कुणी विचारलं नाही!"

"तुला काय विचारायचं? तुझ्यासाठीच तर..."

"माझी दोन गेली, आई. त्या दोन्ही वर्षी तू अंगण साफ केलं होतंस ना? एक काडी ठेवली नव्हतीस. मग ती का गेली?"

एमाहोयने मुलीकडे पाहिलं. तोंडात मारल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. आल्गनेलाही बोलून वाईट वाटलं असावं, ती आईशेजारी कशीबशी जमिनीवर बसली. एमाहोयचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला. तिने चर्चकडे तोंड केलं आणि शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलू लागली.

"गाब्रिएल, तू माझी एक पोर वाचवलीस, आणि त्या बदल्यात मी तीस वर्षं तुझी पोरं कापत आले. मला कळलं नाही रे. आता कळलंय, आता माझा हात उचलत नाही. नवस मोडतेय मी. रागवायचं तर माझ्यावर रागव. हिच्याकडे बघू नकोस."

मला तिने गवतात ठेवलं आणि दोघी एकमेकींना धरून निघून गेल्या. संध्याकाळी आबांनी मला उचलून ओसरीत आणलं.

सण आला. माणसं अनवाणी आत शिरली आणि कुरकुरू लागली. पायांना गवत बोचत होतं, शुभ्र कपड्यांना कुसळं चिकटत होती.

"एमाहोय थकल्या वाटतं यंदा."

"थकल्या कसल्या! मुलीला दिवस गेले, काम झालं. आता देवाला कोण विचारतंय?"

एमाहोय कोपऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती. ताबोत आत परत गेल्यावर आबा गाशाव पायरीवर उभे राहिले.

"देवानं पहिल्या माणसाला बागेत ठेवलं ते बागेची राखण करायला," ते म्हणाले. "मी तीस वर्षं तुम्हाला एकच सांगत राहिलो, झाड तोडू नका. रोपं वाढू द्या, हे सांगायचं राहून गेलं. एमाहोय कापत होत्या आणि मी इथे उभा राहून त्यांना शाबासकी देत होतो. जिवंत झाड तोडणाऱ्याच्या पाठीवर मी काय दिलं होतं, आठवतंय ना तुम्हाला?"

आणि आबा शेतातून एक धोंडा उचलून, पाठीवर घेऊन, चर्चच्या दारात उभे राहिले. सात रविवार उभे राहिले. पहिल्या रविवारी लोक हळहळले, दुसऱ्या रविवारी गप्प झाले. तिसऱ्या रविवारी तो कुऱ्हाडवाला शेतकरी, आता पार पिकला होता, स्वतःच्या पाठीवर दगड घेऊन आबांशेजारी उभा राहिला. मग रीघच लागली. प्रार्थना संपली की ते दगड रानाच्या कडेला ठेवले जात, आणि बघता बघता तिथे गुरं अडवणारी कमरेएवढी भिंत उठली. एमाहोय रोज सकाळी एक दगड आणायची. मुलातही एक घेऊन आला आणि सवयीने फाटकाबाहेर उभा राहिला. आबांनी त्याला हाताला धरून या ओसरीत आणलं, आणि दोघांनी एका ताटातली इंजेरा, आमची आंबवलेल्या पिठाची भाकरी, मोडून खाल्ली. मी वरून बघत होतो. ताट संपवलं दोघांनी.

आणि मग आल्गनेला कळा सुरू झाल्याचा निरोप आला. दोन दिवस झाले, सुटका होईना. सुईणीने एमाहोयला बाहेर काढलं होतं, म्हणून ती खोरं चढून सरळ इथे आली होती. या ओसरीत, माझ्याखाली बसली होती. तिचा हात वर आला, माझ्या मुठीवर पडला आणि तिथेच राहिला. मित्रांनो, बातमी वाईट आली असती तर ती मला घेऊन रानात शिरली असती. आणि मी गेलो असतो. नाही म्हणायला मला तोंड कुठे आहे?

दुपारी जावई धावत आला. मुलगी झाली होती. आई आणि लेक दोघी जिवंत होत्या. एमाहोयचा हात माझ्या मुठीवरून गळून पडला आणि ती हमसाहमशी रडली.

पण गाब्रिएलने तिला बक्षीस दिलं, असं मला तुम्हाला सांगायचं नाही. मूल गेलं असतं तरी तो कोंब कापायचा नव्हताच. एवढं मला आता कळतं.

ऐंशीव्या दिवशी बाळाला बाप्तिस्म्याला आणलं. वाटेतच त्या हट्टी खुंटाचा कोंब होता. तीस वर्षांची मुळं त्याची, संधी मिळताच गुडघ्याएवढा झाला होता. बाळाच्या दुपट्याचा धागा त्याच्या काडीत अडकला. जावई वैतागला आणि लगबगीने ओसरीकडे वळला. त्याने मला खुंटीवरून काढलंसुद्धा.

"थांबा, एका फटक्यात वाट मोकळी करतो."

"खबरदार!" एमाहोय ओरडली. "ठेव तो जागेवर. हा हिच्यापेक्षा वयाने मोठा आहे. वळसा घालून जा."

तिने वाकून तो धागा सोडवला. धागा तुटू नये आणि काडीही मोडू नये, इतक्या हळूहळू. मग सगळे वळसा घालून आत गेले, आणि मी परत खुंटीवर आलो. माझं पातं तेव्हाही शिवशिवलं होतं. म्हणूनच मला अजून चैन नाही.

कारळ्याचं तेल आता मला कुणी लावत नाही. धारेवर तांबूस ठिपके पडू लागले आहेत. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, आम्हाला पुसा, जपा, विसरू नका. माझी विनंती उलटी आहे मित्रांनो. सण जवळ आला, अंगण माजलेलं दिसलं आणि तुमचा हात माझ्याकडे वळला, तर आधी खाली वाकून बघा, तिथे कोण उगवतंय. आणि मला तेल लावू नका. मला गंजू द्या.